शाळेत शिवार केव्हा आले

पंतोजींच्या शाळेतले मूल दिवसभरात काय शिके, ते दिवेलागणीला घराच्या ओसरीवर ऐकू येई. हातपाय धुऊन, देवाला नमस्कार करून मुले परवचा म्हणायला बसत. एकापासून शंभरपर्यंतची उजळणी, तीसपर्यंतचे पाढे, आणि त्यानंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. आज आठ-नऊ वर्षांच्या मुलाला साडेतीनचा पाढा विचारला तर पालकच शिक्षकांकडे तक्रार घेऊन जातील. दोनशे वर्षांपूर्वी मात्र तो न येणारा मुलगा शाळेतून सुटला असे कोणी मानत नसे.

या पाठांतरामागे रोकडा हिशेब होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर, अशी सगळी मापे पाव, अर्धा आणि पाऊण यांत मोडत. साडेतीन आणे शेराने सात शेर तूर घेतली तर सात औटे साडेचोवीस आणे, म्हणजे एक रुपया साडेआठ आणे, हे उत्तर मालाचे माप पूर्ण होण्याआधी तोंडात तयार असे. कागद महाग होता आणि पाटी-पेन्सिल यायची होती. लाकडी फळीवर विटेची बारीक भुकटी किंवा धूळ पसरायची, टोकदार काडीने तिच्यावर अक्षर किंवा अंक काढायचा आणि पुन्हा हाताने सारखे करायचे. हीच धूळपाटी. लिहिलेले टिकत नसल्याने साठवण्याचे सगळे काम डोक्यावर पडे. अक्षरओळख झाली की बोरूने मोडी गिरवायची, पत्रांचे मायने शिकायचे, जमाखर्च लिहायचा. संपला अभ्यासक्रम. इतिहास, भूगोल, विज्ञान, चित्रकला यांचे नावही नव्हते, आणि मुलाने छापील पुस्तक हातात घ्यावे असा प्रसंगच येत नसे.

अशा शाळा गावकऱ्यांच्या पैशावर चालत. पंतोजींना महिन्याला थोडे धान्य, थोडी रोकड, सणावाराला शिधा मिळे. १८२० ते १८३० या दशकात मुंबई सरकारने आपल्या मुलखातल्या शाळांची चौकशी केली, तेव्हा सुमारे १,७०० शाळा आणि त्यांत ३५ हजारांवर मुले नोंदली गेली. हे कागद पुढे रा. वि. परुळेकरांनी संपादून छापले म्हणून आपल्याला त्या शाळांचे वर्णन तरी वाचता येते. त्यांत ब्राह्मण, वाणी, सोनार अशा ज्यांना लेखणीची आणि हिशेबाची गरज पडे त्यांचीच मुले मुख्यतः दिसतात. मुली जवळजवळ नाहीत. अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले तर शाळेच्या ओट्यावरही चढू शकत नव्हती. आणि ज्या कुणब्याच्या धान्यावर पंतोजींचे पोट भरे, त्याचे पोर त्या वेळी गुरांमागे रानात असे.

छापील पुस्तक आले ते या चौकशीच्याच सुमारास. मुंबईत १८२२मध्ये शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२३च्या अखेरीस लिहिलेल्या टिपणात गावोगावच्या शाळांची संख्या वाढवावी, शिकवण्याची पद्धत सुधारावी आणि पुस्तके पुरवावीत, असे सुचवले. मंडळीचे सचिव कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्री हाताशी धरून इंग्रजी गणितग्रंथ मराठीत आणले आणि मराठी शाळांसाठी शिक्षकही तयार केले. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे इसापाच्या कथांचे पुस्तक आणि ‘बाळमित्र’ ही दोन्ही १८२८मध्ये निघाली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६चे. अशा रीतीने दहा-पंधरा वर्षांत शाळेला वाचन आणि व्याकरण हे नवे विषय मिळाले, त्यांच्या मागोमाग भूगोल आणि इतिहास आले. भिंतीवर नकाशा टांगला गेला.

या नकाशाने मोठी गोष्ट केली. पृथ्वी गोल आहे, ती फिरते, ग्रहण सावलीमुळे लागते, हे नऊ वर्षांच्या मुलाला सांगणारी शाळा ही त्या काळच्या महाराष्ट्रात क्रांतीच होती, आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तरी एक जागा रिकामीच राहिली. मुलाला समुद्रापलीकडच्या नद्या आणि राजधान्या पाठ होऊ लागल्या, पण शाळेमागून वाहणारा ओढा कुठून येतो, गावची जमीन काळी का आणि शेजारच्या गावची मुरमाड का, यावर शाळा काही बोलत नव्हती. १८५४च्या वुड यांच्या खलित्यानंतर शिक्षण खाते उभे राहिले. मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली मराठीची क्रमिक पुस्तके तयार झाली, इयत्ता ठरल्या, तपासणीला डिप्टीसाहेब येऊ लागले. सातवी पार करून व्हर्नाक्युलर फायनल झाला की मुलगा मास्तर किंवा तलाठी होई. शिकलेला मुलगा नांगराकडे परत येणार नाही, अशीच या अभ्यासक्रमाची रचना होती.

याच काळात पुण्यात, १८४८पासून, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळा सुरू झाल्या होत्या. त्यांतल्या एका विद्यार्थिनीने, मुक्ता साळवे हिने, मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मराठी प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासात या निबंधाचे स्थान फार वरचे मानायला हवे. धडा वाचून त्याचा सारांश लिहिण्याच्या त्या जमान्यात एका मुलीने स्वतःच्या वस्तीतले जगणे हाच लिहिण्याचा विषय केला. तिच्या शाळेने तिला अक्षरे दिली आणि ती कशासाठी वापरायची याची मोकळीकही दिली.

पुढे १८८२मध्ये शिक्षणाची चौकशी करणारा हंटर आयोग आला, तेव्हा फुल्यांनी त्याच्यापुढे लेखी निवेदन ठेवले. शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यावर शिक्षणासाठी पट्टी घेतली जाते आणि तिचा लाभ त्याच्या पोरांना मिळत नाही, हा त्यातला राग प्रसिद्ध आहे. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणीही पुष्कळदा सांगितली जाते. मात्र मुलांना कोणते विषय शिकवावेत, हेही त्यांनी नेमके लिहिले आहे, आणि त्या भागाकडे कमी लक्ष जाते. मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांवरचे काही पाठ, असा तो आराखडा होता. खेड्यातल्या शाळेत विषय थोडे कमी असले तरी चालतील, पण ते व्यवहाराच्या उपयोगाचे असावेत. शाळेला जोडून नमुन्याची लहानशी शेती असावी आणि मुलांनी तिथे प्रत्यक्ष काम करून शिकावे. शिक्षकही असा हवा, की ज्याला वेळ पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातात धरण्याची लाज वाटणार नाही. आजच्या कोणत्याही अभ्यासक्रम समितीने समोर ठेवावे असे हे टिपण आहे, आणि ते लिहिणाऱ्या माणसाने शाळाही चालवल्या होत्या आणि शेतीही केली होती.

सक्तीच्या शिक्षणाला पुढे संस्थानिकांनी वाट करून दिली. सयाजीरावांनी १८९३मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत प्रयोग करून १९०६मध्ये साऱ्या बडोदा संस्थानात ते लागू केले. शाहू महाराजांनी १९१७मध्ये कोल्हापुरात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आणला आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. सक्तीच्या शिक्षणाचे गोखल्यांचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात १९१२मध्ये फेटाळले गेले होते, हे ध्यानात घेतले की कोल्हापूरच्या या पावलाचे वजन कळते. शेतीचा विषय मात्र शाळेच्या दारातच घुटमळत राहिला. पुण्याजवळ लोणीसारख्या ठिकाणी शेतीशाळा निघाल्या, वरच्या इयत्तांना शेतीचे वर्ग जोडले गेले. पहिली ते चौथीच्या मुलांपर्यंत त्यातले फारसे काही पोहोचले नाही.

मग १९३७ साल उजाडले. ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी मांडलेली कल्पना अशी, की सात वर्षांचे शिक्षण मातृभाषेतून व्हावे आणि एका हस्तोद्योगाभोवती सगळे विषय गुंफावेत. झाकिर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम बांधला. त्यातले वेळापत्रक मुद्दाम पाहण्यासारखे आहे. साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला, म्हणजे या हस्तोद्योगाला, तीन तास वीस मिनिटे. संगीत, चित्रकला आणि गणित यांना मिळून चाळीस मिनिटे. मातृभाषेला चाळीस, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान यांना तीस, कवायतीला दहा आणि मधली सुट्टी दहा मिनिटांची. शंभर वर्षे पुस्तकाभोवती फिरलेली शाळा एका फटक्यात टकळीभोवती फिरू लागणार होती.

टकळी म्हणजे पितळेची किंवा लोखंडाची बारीक सळई, खाली चकती आणि वर आकडा. डाव्या हातात पेळू, उजव्या हाताने टकळीला गिरकी, आणि सूत निघत जाई. सूत मोजणे हेच गणित. चार फुटांची एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी. आज किती तारा निघाल्या, एका गुंडीला किती दिवस लागतील, दहा मुलांचे सूत मिळून किती लांब होईल, ही उदाहरणे मुलांच्या हातातूनच निघत. कापूस कुठल्या जमिनीत येतो, हा भूगोल. मँचेस्टरच्या गिरण्यांनी इथल्या विणकरांचे काय केले, हा इतिहास. चांगला शिक्षक असेल तर ही पद्धत विलक्षण परिणामकारक होती, याची साक्ष सेवाग्रामच्या शाळेने दिली.

पण असे शिक्षक हजारोंच्या संख्येने मिळणार कुठून? गावोगावच्या शाळांत मूलोद्योगाचा तास म्हणजे तुटलेले सूत आणि कापसाचा कचरा, अशी अवस्था होऊ लागली. उद्योग आणि विषय यांची सांगड घालणे तर बाजूलाच राहिले. आणखीही एक गोष्ट होती. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या अंगमेहनतच केली, त्यांनी मुलाला शाळेत धाडले ते पुस्तकासाठी. त्याच्या हातात पुन्हा हातकामच दिलेले पाहून आईबाप नाराज होत, आणि त्यांची नाराजी अगदी रास्त होती. फुल्यांना शेती हवी होती ती इतिहास, भूगोल आणि हिशेबाच्या जोडीने. त्यांच्या आराखड्यात पुस्तकाची जागा कोणीही काढून घेतलेली नाही. वर्ध्याच्या वेळापत्रकात हा तोल बिघडला, असे म्हणावे लागते. पुढे कोठारी शिक्षण आयोगानंतर ‘कार्यानुभव’ हा आठवड्यातल्या काही तासांचा विषय तेवढा उरला.

शिवार खऱ्या अर्थाने शाळेत आणले ते तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या समुद्रकाठावर दोन बायांनी. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या होत्या. त्यांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. पुढे १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध गेले. माँटेसरीची महागडी साधने तिथे परवडणार नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, गारगोट्या, पाने, बांबूच्या कांड्या यांनी मोजणे, जुळवणे, लहान-मोठे लावणे शिकवले जाऊ लागले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा पाड्यावर, अंगणात न्यायची, ही अंगणवाडी. आणि मोठी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळा त्यांच्या मागे माळावर गेली, ती कुरणशाळा. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली बसून अक्षरे काढत आहेत, बाई मधेच एखाद्या पक्ष्याचे नाव वारलीत विचारून घेत आहेत. पंतोजींच्या काळापासून जे पोर रानात गुरांमागे राहिले होते, त्याच्याकडे शाळा स्वतः चालत गेली.

सरकारी शाळांच्या पुस्तकांचे रूप पालटले ते पाठ्यपुस्तक मंडळामुळे. त्याआधी खासगी प्रकाशकांच्या वाचनमाला चालत. आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने मराठीच्या धड्यांत लेखक-कवींचे खरेखुरे साहित्य आणून मोठी गोडी लावली होती. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात राज्याचे पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली ‘बालभारती’, स्थापन झाले. आता मेळघाटापासून सावंतवाडीपर्यंत सगळ्या मुलांच्या हातात एकच पुस्तक आले. चौथीच्या वर्षात शिवचरित्र आले. या एका पुस्तकाने महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांना आग्र्याहून सुटका आणि प्रतापगड इतके पाठ करून दिले, की त्यात बदल करायचा म्हटले तर घराघरांतून आवाज उठतो.

याच सुमाराला पावकी-निमकी शाळेतून गेली, आणि तिचा निरोप कोणी ठरवून घेतला नाही. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, त्यानंतरच्या काही वर्षांत शेर-मणाची जागा किलोने घेतली. दशमानात पावकीची गरज संपली, आणि शिक्षकांनी ती घेणे हळूहळू थांबवले. दोन्ही पद्धती आलेले आजोबा आणि फक्त दुसरी शिकलेला नातू एकाच घरात जेवत होते. बाजारातला हिशेब दोघे आपापल्या रीतीने करत.

संख्यांबद्दलचा खरा गदारोळ पुढे २०१९मध्ये झाला. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन छापले गेले. मराठीत एकवीस म्हणताना एकक आधी तोंडात येतो आणि लिहिताना दशक आधी येतो. त्यामुळे सात वर्षांचे मूल पंचवीस ऐकून ५२ लिहिते, हे पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या प्रत्येक बाईंनी पाहिलेले असते. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी जुने शब्द काढलेले नाहीत, ही केवळ जास्तीची पायरी आहे, हे परोपरीने समजावले. तरी विधिमंडळापासून चहाच्या टपरीपर्यंत चेष्टा झाली. त्या चेष्टेत एक गोष्ट हरवली. पंतोजींच्या शाळेत घटका-घटका घोकून घेतल्याने ही अडचण झाकली जात होती. घोकंपट्टी कमी केल्यावर ती उघडी पडली आणि तिच्यावर उपाय शोधणे भागच होते.

आज जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचे मूल मराठी, गणित आणि २००० सालापासून इंग्रजी शिकते. चित्र, नाच-गाणी, खेळ आणि हातकाम यांच्यासाठी ‘खेळू, करू, शिकू’ नावाचे पुस्तक आले. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून मधल्या काळात सगळे विषय एकत्र बांधून त्यांचे चार भाग केले गेले. तिसरीत ‘परिसर अभ्यास’ येतो, आणि इथे एक फार सुंदर सोय आहे, जी शहरी पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. तिसरीचे हे पुस्तक प्रत्येक जिल्ह्याचे वेगळे असते. साताऱ्याच्या मुलाला साताऱ्याचा नकाशा, तिथले तालुके, नद्या, पिके; नांदेडच्या मुलाला नांदेडचे. जगाचा नकाशा पाहण्याआधी मूल आपल्या तालुक्यावर बोट ठेवते. फुल्यांनी आयोगापुढे मांडलेल्या मागणीतला एक धागा सव्वाशे-दीडशे वर्षांनी असा वर्गात आला, आणि चांगले शिक्षक या पुस्तकाचा आधार घेऊन मुलांना ओढ्यावर, बाजारात, पोस्टात, ग्रामपंचायतीत घेऊन जातात.

भाषेच्या बाबतीत मात्र मुलाच्या घरच्या बोलीपासून सुरुवात करण्याची अशी सोय अजून पुरेशी झालेली नाही. पहिलीपासून तिसरी भाषा शिकवण्याचे २०२५च्या एप्रिल आणि जूनमधले शासन निर्णय जोरदार विरोधानंतर २९ जूनला मागे घेतले गेले आणि नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सहा वर्षांच्या मुलावर किती भाषांचे ओझे टाकायचे, ही त्या विरोधामागची काळजी खरी होती. धारणीच्या कोरकू घरातले, भामरागडच्या माडिया घरातले, धडगावच्या पावरा घरातले मूल मात्र पहिलीच्या पहिल्या दिवशी घरी न बोललेल्या मराठीत बसते आणि इंग्रजी त्याची तिसरी भाषा होऊन बसते. तिथले काही शिक्षक पदरचा वेळ खर्चून त्या भाषा शिकतात, भिंतीवर मराठी शब्दाशेजारी कोरकू शब्द लिहून ठेवतात, गावातल्या मोठ्या मुलींना वर्गात मदतीला बसवतात. शिक्षकाची बदली झाली की हे काम त्याच्याबरोबर जाते, कारण वेळापत्रकात त्याला तास नाही आणि शिक्षक भरतीत ती भाषा येण्याला गुण नाहीत. तिसरीचे पुस्तक जिल्ह्यागणिक बदलता येते, तर पहिलीचे पुस्तक भाषेगणिक छापणे या राज्याला अवघड नाही. त्यासाठी त्या त्या पाड्यातले जाणते लोक आणि तिथे वर्षानुवर्षे शिकवलेले शिक्षक यांना पुस्तक समितीवर घ्यावे लागेल.